‘मदत’ हा शब्द खोडू नका : सरकारी पैशावर वाचलेल्या कंपन्यांच्या संचालकांना खुले पत्र

सन्माननीय संचालकहो,

स. न. वि. वि.

तुमची कंपनी बुडता बुडता वाचली, याबद्दल अभिनंदन करावं का, याचा मी बराच विचार केला. करत नाही. तुम्ही पोहत काठाला लागला नाहीत, तुम्हाला ओढून बाहेर काढलंय. ज्यांच्या पैशाने काढलं त्या करदात्यांतला मी एक, म्हणून हे पत्र लिहायचा थोडा हक्क माझ्याकडे आहे असं समजतो.

दुसरा हक्क धंद्याचा. मी उभी हयात कंपन्यांच्या जनसंपर्क खात्यांत काढली. प्रेसनोटा, अध्यक्षांची भाषणं, वार्षिक अहवालातलं ते पहिलं पान, आणि अडचण आली की ‘आमची बाजू’, हे लिहिणं माझं पोटापाण्याचं काम. त्यातली एक कंपनी सरकारच्या पैशावर तरली. तिचं नाव सांगणार नाही. तिथला एक दिवस मात्र सांगतो, कारण तो तुमच्याकडेही येऊन गेला असणार.

पैसे जमा झाले त्याच आठवड्यातली बैठक. मी प्रेसनोटेचा कच्चा खर्डा घेऊन गेलो होतो. पहिल्याच ओळीत ‘सरकारने केलेल्या मदतीमुळे’ असं लिहिलं होतं. ‘मदत’ या शब्दावर पहिली काट मारली वित्तप्रमुखांनी. मदत म्हटलं की भीक मागितल्यासारखं वाटतं म्हणे. त्यांनी ‘भांडवली पाठबळ’ सुचवलं. कायदा सल्लागारांना ‘पाठबळ’ खटकलं, त्यांनी ‘भागीदारी’ आणलं. चाळीस मिनिटं एका शब्दावर गेली. शेवटी जे छापून गेलं ते असं : ‘कंपनीच्या भांडवली पायाचे बळकटीकरण पूर्ण झाले आहे.’ वाक्यातून देणारा गेला, घेणाराही गेला, उरलं नुसतं बळकटीकरण. भाषेची कारागिरी म्हणून मला तेव्हा त्या वाक्याचा अभिमान वाटला होता, हेही कबूल करून टाकतो.

त्याच बैठकीच्या शेवटी ग्राहक सेवा विभागाच्या प्रमुख बाई आठवड्यातल्या फोनच्या नोंदी घेऊन उभ्या राहिल्या. एका ग्राहकाने हप्ता चार दिवस उशिरा भरला होता, त्यावर आपण दंड लावला होता. त्याचं म्हणणं नोंदीत जसंच्या तसं उतरवलेलं होतं : ‘तुमचं एवढं मोठं निभावून घेतलं ना, मग माझे चार दिवस का नाही?’ फोनवर त्याला जे उत्तर मिळालं, ते माझ्याच हातचं होतं. असल्या फोनसाठी उत्तरांचे नमुने मीच लिहून देत असे. ‘नियमानुसार दंड माफ करता येत नाही. आपल्या गैरसोयीबद्दल खेद आहे.’ बाईंनी विचारलं, यात काही बदल करायचा का? वेळ संपली होती. विषय पुढच्या बैठकीवर गेला आणि तिथून कुठे गेला ते माहीत नाही.

सरकारी मदतीनंतर कंपनीची प्रतिमा का बिघडते, यावर मोठमोठे सल्लागार मोठमोठ्या फिया घेऊन अहवाल देतात. माझ्या लेखी सगळा मामला त्या दोन गोष्टींत आहे : खोडलेला एक शब्द आणि न खोडलेला एक दंड.

आता तुमच्याआधी या वाटेने गेलेल्यांकडे वळतो. १६ सप्टेंबर २००८ रोजी अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने, म्हणजे फेडरल रिझर्व्हने, एआयजी या विमा कंपनीला ८५ अब्ज डॉलरचं कर्ज मंजूर केलं, बदल्यात सरकारकडे ७९.९ टक्के मालकी आली. मदतीचा एकूण आकडा पुढे १८२ अब्जांवर गेला. पहिल्या मदतीला आठवडाही उलटला नव्हता, तेवढ्यात कंपनीच्या एका उपकंपनीचा मेळावा कॅलिफोर्नियातल्या समुद्रकाठच्या आलिशान रिसॉर्टमध्ये भरला. बिल झालं ४ लाख ४० हजार डॉलरच्या आसपास. त्यात मसाज आणि स्पाचे तेवीस हजार. पुढच्याच महिन्यात हे बिल अमेरिकी संसदेच्या प्रतिनिधिगृहाच्या समितीपुढे वाचून दाखवलं गेलं. बस. त्यानंतर एआयजी म्हटलं की लोकांना विमा आठवेना, मसाज आठवू लागला.

कंपनीने केलेला खुलासा माझ्यासारख्याने सहज लिहिला असता. मेळावा खूप आधी ठरलेला होता. तो अधिकाऱ्यांसाठी नव्हता, भरपूर धंदा आणणाऱ्या बाहेरच्या एजंटांसाठी होता. या धंद्यात असे मेळावे होतातच. यातलं एकही वाक्य खोटं नाही. मला नेमकं हेच तुम्हाला दाखवायचंय. तुमच्या खुलाशांत बहुतेक वेळा खोटं काहीच नसतं. ‘आधीच ठरलं होतं’, ‘कायद्याला धरून आहे’, ‘एकूण रकमेच्या मानाने किरकोळ आहे’ ही तिन्ही वाक्यं खरी असतात आणि ऐकणाऱ्याचं डोकं तिन्हीने अधिकच फिरतं. तुम्हाला वाटतं लोकांना हिशेब कळत नाही. लोकांना तो तुमच्यापेक्षा जरा पुढपर्यंत कळतो.

‘आधीच ठरलं होतं’ हेच घ्या. मार्च २००९मध्ये एआयजीच्या ज्या विभागाने कंपनी खड्ड्यात घातली, त्याच विभागातल्या लोकांना साडेसोळा कोटी डॉलरचे बोनस वाटल्याचं बाहेर आलं. एडवर्ड लिडी तेव्हा प्रमुख होते. माणूस मदतीनंतर आलेला, वर्षाला एक डॉलर पगारावर काम करणारा. त्यांनी संसदेच्या समितीपुढे सांगितलं की ही रक्कम आवडत नसली तरी करार आधीचे आहेत, करार पाळावे लागतात. करार खरंच आधीचे होते. पण थोडं मागे जाऊन बघा. सरकार आलं नसतं तर कंपनी दिवाळखोरीत गेली असती, आणि दिवाळखोरीत हे करार हातात धरून ती मंडळी पैसे येणं असलेल्या बाकीच्यांबरोबर रांगेत उभी राहिली असती. काही मिळालं असतं, बहुतेक काहीच नसतं. म्हणजे त्या करारांत जीव होता तो सरकारी पैशाचा. ज्याने जीव घातला त्यालाच ‘करार पवित्र असतो’ हे ऐकवायचं?

आणि त्याच महिन्यांत त्याच देशात दुसरीकडे करार उघडून नव्याने लिहिले जात होते. जनरल मोटर्स आणि क्रायस्लर यांना पैसे देताना अट घातली गेली की कामगार संघटनेने सवलती द्याव्यात. महागाईप्रमाणे वाढणारं वेतन थांबलं, काम नसतानाही पगार देणारी सोय बंद झाली, निवृत्त कामगारांच्या औषधपाण्यासाठीच्या निधीला रोख रकमेऐवजी मोठ्या भागात शेअर घ्यावे लागले. ते करारही सह्यांचेच होते, आणि तेही आधीचे. एकाचा करार देव्हाऱ्यात आणि दुसऱ्याचा रद्दीत, एवढं बघायला अर्थशास्त्र शिकावं लागत नाही.

इथे तुमच्या बाजूचंही एक सांगायला हवं, नाहीतर हे पत्र नुसतं आरडाओरड होईल. साडेसोळा कोटी म्हणजे १८२ अब्जांतला हजारावा हिस्सासुद्धा नव्हे. बोनस घेणाऱ्यांतल्या अनेकांचा त्या बुडीत सौद्यांशी संबंध नव्हता. सावरासावर करायला थांबलेली माणसं होती ती. लोकांचा राग आंधळा होता का? थोडा होता. प्रतिनिधिगृहाने १९ मार्चला ३२८ विरुद्ध ९३ मतांनी अशा बोनसवर नव्वद टक्के कर लावणारं विधेयक घाईघाईत मंजूर केलं, ते पुढे कायदा झालंच नाही. खरी मोठी रक्कम तिसरीकडेच गेली होती. एआयजीकडून येणं असलेल्या बड्या बँकांना सरकारी पैशातून शंभर टक्के दर्शनी किंमत चुकती झाली, एकट्या गोल्डमन सॅक्सच्या वाट्याला १२.९ अब्ज डॉलर आले. कुणालाही एक सेंट सोडून द्यावा लागला नाही. यावर मसाजच्या बिलाइतका आरडाओरडा झाला नाही, कारण ‘दर्शनी किंमत’ डोळ्यांपुढे उभी राहत नाही आणि मसाज राहतो.

पण त्या रागाचे चटके बसले कुणाला? संचालकांना नाही. त्या मार्चमध्ये कंपनीने कर्मचाऱ्यांना सूचना काढली : बाहेर पडताना कंपनीचं बोधचिन्ह दिसेल असं काही अंगावर ठेवू नका, अंधार पडल्यावर दोघं दोघं मिळून चाला. विम्याचे दावे तपासणारी, फोन उचलणारी, ज्यांनी आयुष्यात एक सौदा केला नाही अशी माणसं संध्याकाळी गळ्यातलं ओळखपत्र खिशात घालून घरी जात होती. ‘प्रतिमा’ हा शब्द तुमच्या बैठकीत आलेखावरची रेघ असतो. खाली तो असा खिशात लपवावा लागतो.

अमेरिकेतल्या तीन बड्या वाहन कंपन्यांच्या प्रमुखांचा किस्सा तुम्हाला पाठ असेलच. नोव्हेंबर २००८मध्ये तिघेही मदत मागायला वॉशिंग्टनला आपापल्या खासगी विमानांनी गेले आणि सुनावणीत एका सदस्याने विचारलं, विमान विकून प्रवासी विमानाने परत जायला कोण तयार आहे? हात वर झाला नाही. डिसेंबरात तेच तिघे मोटारीने आले. आमच्या धंद्यात हा धडा ‘विमानाने जाऊ नका’ एवढाच शिकवला जातो. मला मोटारीचा प्रवास विमानाहून जास्त टोचतो. विमान निदान नेहमीची सवय होती. मोटार हे नाटक होतं.

नाटकावरून जाहिराती आठवल्या. ओव्हरटाइम करून ज्या मी तुमच्यासाठी लिहिल्या असत्या, त्याच या. क्रायस्लरने डिसेंबर २००८मध्ये मदत मंजूर होताच वर्तमानपत्रांत पानभर आभार छापले. आभार मानायला हरकत नाही, पण पानाचे पैसे कुणाच्या खिशातले? हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवलेलं ऐकलंय, इथे तुळशीपत्र हलवायालाच विकत आणायला लावलं. जनरल मोटर्सने एप्रिल २०१०मध्ये त्याहून कडी केली. अध्यक्ष कारखान्यातून चालत चालत कॅमेऱ्याला सांगतात, आम्ही सरकारचं कर्ज पूर्ण फेडलं, व्याजासकट, मुदतीच्या पाच वर्षं आधी. लवकरच कळलं की कर्जाचे उरलेले ४.७ अब्ज डॉलर फेडायला वापरलेला पैसा सरकारनेच दिलेल्या, बाजूला ठेवलेल्या खात्यातला होता, आणि कंपनीच्या साठ टक्क्यांवर मालकी अजून सरकारचीच होती. ‘कर्ज’ हा शब्द तांत्रिकदृष्ट्या बरोबर होता. सरकारने २०१३च्या शेवटी उरलेले शेअर विकून हात झटकले, तेव्हा करदात्यांचा तोटा सुमारे ११ अब्ज डॉलर होता. त्यावर कुणी जाहिरात केल्याचं मला आठवत नाही.

तिसरा नमुना तर पाठ्यपुस्तकात घालावा असा. डिसेंबर २०१२मध्ये अमेरिकी सरकारने एआयजीतले शेवटचे शेअर विकले. इथे सरकारला नफा झाला, जवळजवळ २३ अब्ज डॉलर. कंपनीनेही नव्या वर्षाच्या तोंडावर ‘थँक यू अमेरिका’ ही जाहिरातमालिका सुरू केली. कर्मचारी हसऱ्या चेहऱ्याने आभार मानताहेत. आणि त्याच दिवसांत बातमी आली की जुने प्रमुख मॉरिस ग्रीनबर्ग यांच्या कंपनीने मदतीच्या अटी जाचक होत्या म्हणून सरकारवर जो २५ अब्ज डॉलरचा दावा लावलाय, त्यात सामील व्हायचं का, यावर एआयजीचं संचालक मंडळ विचार करतंय. टीव्हीवर आभार, टेबलावर दावा! ९ जानेवारीला मंडळाने सामील न व्हायचं ठरवलं. मंडळाची बाजू अशी की भागधारकांच्या हिताचा प्रस्ताव समोर आल्यावर त्यावर विचार करणं हे त्यांचं कायदेशीर कर्तव्यच होतं. हेही खरं. पुन्हा खरं.

‘गरज सरो, वैद्य मरो’ ही खोड नवी नाही. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला क्रायस्लरला दीड अब्ज डॉलरची सरकारी कर्जहमी मिळाली. प्रमुख ली आयकोका एक डॉलर पगारावर बसले, जाहिरातींत स्वतः झळकले, आणि १९८३मध्ये मुदतीच्या सात वर्षं आधी कर्ज चुकतं करून लोकांच्या गळ्यातले ताईत झाले. मग कंपनीने सरकारला सुचवलं की जोखमीच्या बदल्यात तुम्हाला ठरल्या भावाने शेअर घ्यायचे जे हक्क दिले होते, ते आता सोडून द्या. भाव वर गेला होता ना. बोंबाबोंब झाली, सरकारने लिलाव केला आणि कंपनीला ३१ कोटी डॉलर मोजून स्वतःचेच हक्क परत घ्यावे लागले. सुंभ जळला तरी पीळ राहतो म्हणतात. इथे सुंभ वाचला आणि पीळ दुप्पट झाला.

पाटी बदलण्याबद्दल फार लिहीत नाही. एआयजीने २००९मध्ये आपल्या मालमत्ता विम्याच्या धंद्याला ‘चार्टिस’ असं नवं नाव दिलं आणि २०१२मध्ये जुनं नाव परत आणलं. एवढं पुरे.

आता तुम्ही म्हणाल, मग सगळे असेच का? जपान एअरलाइन्स जानेवारी २०१०मध्ये दिवाळखोरीत गेली. जुन्या भागधारकांचे शेअर कवडीमोल झाले, सरकारी निधीने ३५० अब्ज येन घातले आणि अठ्ठ्याहत्तर वर्षांचे काझुओ इनामोरी पगार न घेता अध्यक्ष झाले. सप्टेंबर २०१२मध्ये शेअर पुन्हा बाजारात आले, सरकारी निधीला घातलेल्याच्या जवळपास दुप्पट मिळाले. गोड गोष्ट नाही ही. सुमारे सोळा हजार नोकऱ्या गेल्या, निवृत्तांनी स्वतः मत देऊन आपल्या पेन्शनला कात्री लावून घेतली, कामावरून काढलेले काही जण कोर्टात गेले. तरी तिथे ‘हा खर्च आधीच ठरला होता’ असं म्हणणारा वरच्या मजल्यावर सापडला नाही, कारण वरच्या मजल्यापासूनच कात्री सुरू झाली होती. त्याच्याशेजारी ब्रिटनची रॉयल बँक ऑफ स्कॉटलंड ठेवा. सरकारने ४५ अब्ज पौंडांहून अधिक ओतले, आणि बँक या थराला आणणारे फ्रेड गुडविन पन्नाशीत वर्षाला सुमारे सात लाख पौंडांच्या पेन्शनवर घरी गेले. ओरड झाल्यावर निम्मी सोडली. नाइटहूड, म्हणजे ‘सर’ हा किताब, २०१२मध्ये काढून घेतलं. त्याच वर्षी त्यांच्यानंतरच्या प्रमुखांनी दहा लाख पौंडांच्या घरातला बोनस नाकारला, पण केव्हा? विरोधी पक्षाने संसदेत मतदान घ्यायची तयारी केल्यावर. स्वतःहून सोडलं असतं तर तो मोठेपणा ठरला असता. तीच रक्कम, चार दिवस उशिरा.

मराठीत ‘मिंधा’ हा एक शब्द आहे. ज्याचं घेतलं त्याच्यापुढे मान थोडी खाली, आवाज थोडा हळू, हे मिंधेपण. कंपनी कायद्यात याला कलम नाही, ताळेबंदात रकाना नाही. पैसे व्याजासकट फेडले की देणं संपतं, मिंधेपण लगेच संपत नाही. तुम्हाला नेमकं तेच नकोय, म्हणून ‘मदत’ खोडून ‘बळकटीकरण’ येतं, म्हणून फेडल्याची जाहिरात फेडण्याआधी तयार असते. सगळी जनसंपर्क खाती मिळून मिंधेपण टाळायचा जो आटापिटा करतात, त्यातूनच ती बदनामी जन्माला येते जिच्यासाठी पुन्हा त्याच खात्यांना बोलवावं लागतं. माझ्यासारख्यांचं घर त्यावर चाललं, त्यामुळे तक्रार करायला माझं तोंड नाही. तरी करतोय.

मागणं फार नाही. वार्षिक अहवालाच्या पहिल्या पानावर साध्या शब्दांत लिहा : इतके पैसे लोकांकडून घेतले, या कारणाने घ्यावे लागले, ते इथे इथे गेले. कारण लिहिताना ‘जागतिक परिस्थिती’ला पुढे करू नका, त्याच परिस्थितीत तुमचे काही स्पर्धक उभे राहिले. वरच्या मंडळींचे मदतीआधीचे करार कामगारांच्या करारांबरोबर एकाच दिवशी, एकाच टेबलावर उघडा. बोनस सोडायचा असेल तर कुणी विचारायच्या आधी सोडा, आणि सोडल्याची प्रेसनोट काढू नका. आभाराच्या जाहिरातीचा खर्डा तुमच्या जनसंपर्कवाल्याकडे तयार असेल, तो त्याला परत द्या. बिचाऱ्याला वाईट वाटेल, मला वाटायचं.

आणि एक काम आजच्या आज होण्यासारखं आहे. तुमच्याच कंपनीच्या ग्राहक सेवेला फोन लावा. संचालक आहात हे सांगू नका. माझा हप्ता चार दिवस चुकला, दंड माफ होईल का, असं विचारा. पलीकडून जे वाक्य ऐकू येईल ते शब्दशः लिहून घ्या आणि पुढच्या बैठकीत पहिल्या विषयाच्या आधी मोठ्याने वाचा.

आपला,
प्रेसनोटा लिहिण्यातून निवृत्त झालेला एक माणूस